गेमिंग आणि छायाचित्रांसाठी एकच लॅपटॉप

प्रश्न : मुलाला गेम खेळायचे आहेत, मला छायाचित्रे साठवायची आहेत. पाच-सहा वर्षे टिकेल असा लॅपटॉप कसा निवडावा?

उत्तर : लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप (गेमची दृश्ये पडद्यावर उभी करणारी चिप) सहसा नंतर बदलता येत नाही, म्हणून पैसा आधी तिच्यावर खर्च करावा, रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) मात्र पुढे वाढवता येईल की ती मदरबोर्डलाच, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डलाच, कायमची जोडलेली आहे, हे दुकानदाराला स्पष्ट विचारून घ्यावे. 24 मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल (प्रक्रिया न केलेले मूळ छायाचित्र) साधारण 25 ते 30 एमबीची असते आणि काही गेम 100 जीबीहून मोठे असतात, त्यामुळे 512 जीबीची साठवणजागा लवकरच अपुरी पडते. अतिपातळ लॅपटॉपचा मोह (तो मलाही होतो) टाळावा, कारण उष्णता कोंडली की वेग घसरतो. छायाचित्रांची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावीच.