हाडांच्या वॉर्डात पहिली रात्रपाळी करणार आहेस ना?

पावसाळ्यात घोडबंदर रोडवर बाइक घसरून मांडीचं हाड मोडलेली पोरं ठाण्यातल्या आपल्या वॉर्डात हमखास येतात. त्यांचे पहिले तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बघ. हाडाच्या मज्जेतली चरबी रक्तात उतरते आणि बहुतेक वेळा 24 ते 72 तासांत फुप्फुसात, मेंदूत त्रास सुरू करते. मी पाहिलेला एक मुलगा संध्याकाळी छान गप्पा मारत होता. रात्री आईलाच ओळखेना, धाप लागलेली. गाऊन बाजूला केला तर काखेत आणि छातीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. तेव्हा पेशंट बरळायला लागला तर ‘दुखतंय म्हणून असेल’ असं समजू नकोस गं. सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) बघ, ऑक्सिजन लाव, डॉक्टरांना झोपेतून उठव.

पायाच्या शिरेतली गुठळी बहुधा उशिरा सुटते, बरेच दिवस झोपून राहिल्यावर. दोन्ही पोटऱ्या रोज ताडून बघ. एकच सुजली असेल तर नातेवाइकांना तेल लावून चोळू देऊ नकोस. अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, नाडी जलद: गुठळी फुप्फुसात गेली असं धरूनच धाव.

आणि मानेतली सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, काढताना पेशंटला आडवंच ठेव, बसवू नकोस. बसवलं तर त्या भोकातून हवा शिरेत ओढली जाते. शंका आली तर भोक दाबून धर, डाव्या कुशीवर वळव, डोकं खाली कर आणि हाक मार.