मूत्रपिंडावरील पाण्याची गाठ : सुई, दुर्बीण की नुसती नजर?

प्रश्न : माझे वय ६१ वर्षे असून वर्षभर डाव्या कुशीत जडपणा आणि मंद दुखणे जाणवते. सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला ८ सेंटिमीटरची साधी सिस्ट आढळली. लघवीचे व रक्ताचे अहवाल व्यवस्थित आहेत. एका डॉक्टरांनी सुईने पाणी काढण्यास सांगितले, दुसऱ्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेस, तर तिसऱ्यांच्या मते काहीच करू नये. कोणाचे ऐकावे? ही गाठ पुढे कर्करोगाची होईल का?

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाविषयी. पातळ भिंत, आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव, पडदे नाहीत, घट्ट भाग नाही, अशी गाठ निरुपद्रवी समजली जाते. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ मॉर्टन बॉस्निआक यांनी १९८६ मध्ये सुचवलेल्या वर्गवारीत तिचे स्थान पहिल्या वर्गात आहे आणि त्या वर्गातील गाठीची वारंवार तपासणीसुद्धा सहसा करावी लागत नाही. वाढत्या वयात अशा गाठी अनेकांना होतात. सोनोग्राफीत जाड भिंत किंवा पडद्यांची शंका आली, तरच सीटी स्कॅन आवश्यक ठरतो.

उपचाराचा निर्णय गाठीच्या आकारावर नव्हे, तर तिच्यामुळे होणाऱ्या त्रासावर ठरतो : दुखणे, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, किंवा मूत्रमार्गावर दाब पडून लघवी तुंबणे. आपल्याला दुखते आहे हे खरे. मात्र ते दुखणे गाठीचेच आहे की पाठीच्या स्नायूंचे अथवा मणक्याचे, हे आधी तपासून घ्यावे. गाठ काढूनही दुखणे तसेच राहिलेले रुग्ण असतात, आणि त्यांची निराशा टाळता येण्यासारखी असते. सुईने पाणी काढण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो. ८ सेंटिमीटरच्या गाठीत सुमारे पाव लिटर पाणी असते. ते काढल्यावर दुखणे थांबले आणि गाठ पुन्हा भरल्यावर परतले, तर दोष गाठीचाच, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

गाठ पुन्हा भरते, कारण तिच्या आतील अस्तर द्रव पाझरत राहते. म्हणून नुसते पाणी काढणे हा टिकाऊ उपचार नव्हे. सोनोग्राफीत पाहत, जागा बधिर करून, बारीक नळी आत सोडली जाते. पाणी काढून रंगद्रव्य सोडून गाठीचा मूत्रमार्गाशी संबंध नाही याची खात्री केली जाते आणि मगच तीव्र अल्कोहोल किंवा तत्सम औषध भरून काही वेळ ठेवून परत काढले जाते. त्यामुळे अस्तर निकामी होते. ही खात्री न करता अल्कोहोल सोडल्यास मूत्रमार्गाला गंभीर इजा होऊ शकते. उपचारानंतर पहिल्या काही आठवड्यांत थोडे पाणी पुन्हा जमलेले दिसले, तर घाबरून जाऊ नये. ते पुष्कळदा पुढील काही महिन्यांत आपोआप जिरते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गाठीची बाहेर आलेली भिंत कापून काढतात. तिचे तळाचे अस्तर मूत्रपिंडालाच चिकटलेले असल्याने तेथे फारशी छेडछाड करत नाहीत. कापलेली भिंत तपासणीसाठी पाठवता येते आणि गाठ परतण्याचे प्रमाणही कमी असते. मात्र पूर्ण भूल द्यावी लागते. गाठ मूत्रपिंडाच्या मध्यभागी, मूत्रमार्गाला लागून असेल, तर अल्कोहोलपेक्षा हा मार्ग किंवा मूत्रमार्गातून दुर्बीण घालून लेसरने गाठ उघडण्याचा पर्याय अधिक योग्य ठरू शकतो.

आपली गाठ खालच्या टोकाला, म्हणजे सुई सहज पोहोचेल अशा ठिकाणी आहे. त्यामुळे दुखणे गाठीचेच ठरल्यास मी आधी अल्कोहोलचा उपचार सुचवेन आणि तो अपुरा पडला तरच शस्त्रक्रियेचा विचार करेन. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर त्यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. त्या स्वतःहून बंद करू नयेत.