१९६५ मध्ये मिस्टेअरने स्टारफायटर पाडले, हे खरे की नुसती आवई?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. १९६५ च्या युद्धात देवय्या नावाच्या भारतीय वैमानिकाने मिस्टेअरसारख्या मागच्या पिढीतल्या विमानातून पाकिस्तानचे स्टारफायटर पाडले आणि सरकारने ते वीस वर्षे दडवून ठेवले, हा मोबाइलवर फिरणारा मजकूर खरा आहे का, ही पहिली. आणि त्याच दिवशी एका पाकिस्तानी वैमानिकाने मिनिटाच्या आत पाच भारतीय विमाने पाडली, हे कितपत खरे, ही दुसरी. पहिली गोष्ट मुळात खरी आहे. त्यातला दडवल्याचा भाग मात्र मागाहून चिकटवलेला आहे. दुसरीतही तथ्य आहे, पण पाच हा आकडा तपासणीत टिकत नाही.

हवाई युद्धातील दावे पाहताना मी एक क्रम पाळतो. विमान पाडल्याचे सांगणाऱ्याचे म्हणणे मागाहून वाचायचे. आधी ज्याचे विमान पडले असे म्हटले जाते, त्याच्या दप्तरात काय आहे ते पाहायचे. याचे कारण असे की, ताशी सात-आठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन विमानांची गाठ काही सेकंदांचीच असते, एकाच लक्ष्यावर दोघातिघांनी मारा केला तर प्रत्येकाला ते आपणच पाडले असे प्रामाणिकपणे वाटते, आणि धूर सोडत खाली झेपावलेले विमान जमिनीवर आदळले की झाडांच्या उंचीवरून घरी गेले, हे पाहायला कोणालाही सवड नसते. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटनने १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले होते. युद्धानंतर जर्मन नोंदी हाती आल्या तेव्हा तो आकडा साठच्या आसपास निघाला. त्या वैमानिकांना कोणी खोटारडे म्हणत नाही. गमावलेल्या विमानाचे मात्र तसे नसते. तळावरची त्याची जागा रिकामी राहते आणि वैमानिकाच्या घरी तार जाते.

आता देवय्यांकडे वळतो. ७ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे पंजाबातील आदमपूर तळावरून पहिल्या स्क्वाड्रनची मिस्टेअर विमाने विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानच्या सरगोधा तळावर हल्ल्यासाठी निघाली. हल्ल्याला बारा विमाने ठरली होती. कुर्गचे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या त्या बारांत नव्हते, ते राखीव होते. एखादे विमान मागे राहिले तरच राखीव वैमानिकाने पुढे जायचे असते, आणि तशी वेळ आल्याने ते गेले. सरगोधा आदमपूरहून सुमारे ३०० किलोमीटर दूर असल्यामुळे जाऊन येण्यापुरतेच इंधन जेमतेम होते, वाटेत झुंज देण्याइतके नव्हते. हल्ला करून विमाने परतली, देवय्या परतले नाहीत. त्यांच्याकडून बिनतारी संदेश आला नव्हता, त्यांचे काय झाले हे सोबत्यांपैकी कोणी पाहिले नव्हते. दप्तरी नोंद झाली ती ‘बेपत्ता’ अशी.

त्याच सकाळी पाकिस्तानच्या हवाई दलाने एक स्टारफायटर गमावले होते. त्याचे वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन हवाई छत्रीने उतरून वाचले. आपण पाडलेल्या मिस्टेअरचे तुकडे लागून हे विमान पडले, असे पाकिस्तानी बाजूने सांगितले जात असे. भारताकडे या घटनेविषयी काहीच नव्हते, कारण सांगू शकणारा एकमेव माणूस परतलाच नव्हता. सरकारने दडवले असे जे म्हटले जाते, ते येथे कोसळते. जे ठाऊकच नाही ते दडवणार कसे?

उलगडा झाला तो १९७९ मध्ये, आणि तोही परक्या हातून. जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी हवाई दलाच्या सहकार्याने त्या हवाई युद्धावर पुस्तक लिहिले. पुस्तकाचा कल पाकिस्तानच्या बाजूचा आहे, आणि नेमके म्हणूनच त्यातील ही कबुली मला मोलाची वाटते. त्यातील वृत्तान्त असा, की अमजद हुसेन यांनी परतीच्या वाटेवरील एका मिस्टेअरला गाठून तोफेचा मारा केला, ते संपले असे समजून दुसऱ्या विमानांकडे मोर्चा वळवला, तोच जखमी मिस्टेअरच उलटून त्यांच्यावर आले आणि जमिनीलगतच्या झटापटीत त्याच्या माऱ्याने स्टारफायटर पडले. हा मजकूर भारतात वाचला गेला तेव्हा ते मिस्टेअर कोणाचे, हे शोधायला फार शोधाशोध करावी लागली नाही, कारण पहाटेच्या त्या हल्ल्यातून न परतलेले मिस्टेअर एकच होते. तनेजा यांनी हवाई दलाकडे पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले. म्हणजे मजकुरातली ‘वीस वर्षे’ प्रत्यक्षात तेवीस आहेत. पण ती अज्ञानाची आणि नंतर सरकारी फायलीच्या चालीची वर्षे होती.

तांत्रिकदृष्ट्या हे शक्य होते का, अशी शंका प्रतिसादांत नेहमी निघते. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडू शके, मिस्टेअर सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही गाठत नसे. कागदावर ही जोडी विजोडच. पण स्टारफायटरचे पंख इतके आखूड होते, की दोन्ही पंखांची टोके मोजली तरी लांबी सात मीटर भरत नसे. कमी वेगात आणि कमी उंचीवर ते झटकन वळत नसे. त्याचे खरे बळ उंचीवर जाऊन झपाट्याने झडप घालण्यात आणि तितक्याच झपाट्याने निसटण्यात होते. मिस्टेअरच्या मागे लागून शेतांवर वळणे घेण्याच्या खेळात तो फायदा उरत नाही, आणि समोरून ३० मिलिमीटरच्या दोन तोफा रोखलेल्या असतात. देवय्यांनी आपले विमान मुद्दाम स्टारफायटरवर नेऊन आदळले, असेही काही मजकुरांत लिहिलेले आढळते. त्याला आधार नाही. फ्रिकर यांच्या वृत्तान्तात झटापट आहे, आत्मघात नाही.

दुसरा प्रश्न स्क्वाड्रन लीडर एम. एम. आलम यांचा. तेही ७ सप्टेंबरचेच, सरगोध्याजवळचेच. भारताच्या हलवारा तळावरून गेलेल्या हंटर विमानांपैकी पाच आपण सेबर या लढाऊ विमानातून पाडली, त्यांतली चार अर्ध्या मिनिटात, असा त्यांचा दावा. वर सांगितलेला क्रम येथे लावू. भारतीय नोंदींप्रमाणे त्या दिवशी सरगोध्याहून न परतलेली हंटर विमाने तीन आहेत. स्क्वाड्रन लीडर भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर ब्रार मारले गेले, तर स्क्वाड्रन लीडर कक्कर युद्धकैदी झाले आणि पुढे परत आले. कक्कर यांचे विमान इंजिन बंद पडल्याने गेले, असे भारतीय बाजू सांगते. ते वगळले तर आलम यांच्या खात्यावर दोन विमाने उरतात, धरले तरी तीनच. पाच हंटर आणि पाच वैमानिक त्या दिवशी गेले असते, तर पाच घरांत त्याची आठवण असती. पाकिस्तानच्याच हवाई दलातील काही माजी अधिकाऱ्यांनी पाचाच्या आकड्यावर उघड शंका घेतली आहे. तरीही एका फेरीत दोन हंटर पाडणे ही सामान्य कामगिरी नव्हे, हे येथील वाचकांना मी आवर्जून सांगतो, कारण आपल्याकडे आलम यांचे नाव निघाले की सगळेच झूट म्हणण्याची पद्धत आहे.

हाच क्रम स्वतःला लावला तर थोडे अवघड होते. ३ सप्टेंबर रोजी स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी नॅट विमानातून एक सेबर पाडले, ही भारताने जाहीर केलेली या युद्धातील पहिली हवाई विजयाची बातमी. नॅटला ‘सेबर स्लेयर’ (सेबरचा कर्दनकाळ) हे नाव पडले आणि कीलर यांना वीरचक्र मिळाले. पण त्या सेबरचे वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट युसुफ अली खान आपले जबर जखमी विमान घेऊन तळावर उतरले होते, आणि या युद्धाचा बारकाईने अभ्यास करणारे भारतीय इतिहासकारही आता हे मान्य करतात. त्याच चकमकीत आपले एक नॅट पाकिस्तानच्या पसरूर धावपट्टीवर उतरले आणि त्याचे वैमानिक कैद झाले, ही बाजू आपल्या गोष्टींत क्वचितच येते. ते विमान आजही कराचीच्या हवाई दल संग्रहालयात उभे आहे.