मोटरहोममध्ये वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय राहायला कसं शिकावं? (अमेरिकेत, पहिलीच वेळ)

आधी घराच्या ड्राइव्हवेमध्येच जोडण्या काढून दोन रात्री राहा. काय आधी संपतं ते तिथेच कळेल. सगळे विजेची धास्ती घेतात, पण बहुतेकदा सांडपाण्याची टाकीच आधी भरते. म्हणून खरकटी ताटं आधी कागदाने पुसा. गरम पाणी येईपर्यंत नळातून जे गार पाणी वाहतं, ते पातेल्यात धरा आणि त्यातच भात लावा. थंडीत हीटरचा पंखा रात्रभर बॅटरी खातो. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली, म्हणजे साधारण १२.१ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका. मग ॲरिझोनात क्वार्ट्झसाइट गावाजवळ जा. तिथल्या बीएलएमच्या (सरकारी जमिनी सांभाळणारं अमेरिकी खातं) जमिनीवर बऱ्याच ठिकाणी १४ दिवस फुकट राहता येतं. सांडपाणी मात्र वाळवंटात कधीही सोडू नका, डम्प स्टेशनवरच (अशा टाक्या रिकाम्या करायची ठरलेली जागा) रिकामं करा.