सनावळ्या सुतळीवर

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. शिवाजी महाराजांच्या इतिहासातील सनावळ्या तो पाठ करतो आणि विसरतो. घरी काय करून घ्यावे? – एक पालक, अमरावती जिल्हा

उत्तर : अंगणात सुतळी ताणा आणि मुलाच्या हाताची एक वीत म्हणजे दहा वर्षे धरा. १६३० च्या जन्मापासून १६८० च्या निधनापर्यंत पाच विती होतात. १६७४ च्या राज्याभिषेकाची गाठ चार विती आणि सुमारे पाच बोटांवर पडते, आणि त्यानंतर महाराजांना जेमतेम सहा वर्षे मिळाली, हे मुलाला स्वतःच्या हाताने उमगते. किल्लाही अवश्य करवून घ्या. मात्र आपली काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून तिच्यात कुटार (भुसा) मळावे. जमल्यास जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा दाखवा, आणि तिथे मुलाला पडलेले प्रश्न त्यालाच वहीत लिहू द्या.