वर्गाला बायका का येत नाहीत

तुम्ही लिहिलंय की उल्लास या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या सर्वेक्षणात वस्तीतल्या लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांची बरीच नावं निघाली, वर्गासाठी शाळेची खोलीही मिळाली, पण संध्याकाळी सहाला दोन-तीन बायकांपलीकडे कोणी फिरकत नाही आणि गावातले म्हणतात, "त्यांना शिकायचंच नाही." हे मनावर घेऊ नका. मी हे काम बरीच वर्षं करतेय. शिकायची इच्छाच नाही अशी बाई क्वचित भेटली. चारचौघांत आपलं अडाणीपण उघडं पडेल या धास्तीनं घरी बसलेल्या मात्र पुष्कळ.

आधी वेळ बदला. सहाला चूल पेटते, गुरं घरी येतात, त्या वेळी कोणती सून उठून शाळेत जाईल? जेवणं आवरल्यावर, दुपारी दोननंतर बघा. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, तीही दुपारीच भरते. तिथल्या आज्यांना पोथी वाचायची होती. योगेंद्र बांगर गुरुजींनी ते ऐकलं आणि शाळा काढली. तुमच्या बायकांना काय वाचायचंय, हे कोणी विचारलंय का? कुणाला एसटीची पाटी वाचायची असते, कुणाला मोबाईलवर लेकीचा नंबर शोधायचा असतो. बचत गटाच्या वहीत आपल्या नावापुढचा आकडा बरोबर आहे का, हे तर बहुतेक सगळ्यांनाच बघायचं असतं. म्हणून मी वर्ग गटाच्या बैठकीला जोडते, त्याच ओट्यावर. शाळेची पायरी चढायला लागत नाही, आणि सासूला "बैठकीला चालले" म्हणून सांगता येतं.

पहिल्या दिवशी अ-आ-इ नको, स्वतःचं नाव घ्या. 'लक्ष्मी' लिहायला अवघड आहे म्हणून टाळू नका. तिला तेच हवं असतं. खुरपं धरलेला हात पेन्सिल इतकी घट्ट धरतो की कागद फाटतो, मग बाई ओशाळते आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून सुरुवातीला पाटी आणि जाड खडू द्या.

एक गोष्ट फार कमी जण बघतात, ती म्हणजे डोळे. "माझ्या डोक्यात शिरत नाही" म्हणणाऱ्या एका मावशींना मी पुस्तक हातभर लांब धरायला सांगितलं, तर त्या अक्षरं ओळखायला लागल्या. चाळिशी लागली होती, एवढंच. वर्ग सुरू करण्याआधी ग्रामीण रुग्णालयातून किंवा एखाद्या शिबिरातून सगळ्यांचे डोळे तपासून घ्या. माझ्या मते वर्गाच्या बाकी सगळ्या तयारीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

कागदपत्रांची भीतीही खरी असते. सरकारी यादीत नाव गेलं की निराधार योजनेचे पैसे बंद होतील, असं कोणीतरी सांगितलेलं असतं. हसू नका, घरी बसून नीट समजावा. उल्लासच्या परीक्षेचंही तसंच: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण, आणि दिवसभरात सवडीनं येऊन देता येते. हे कळलं की निम्मं दडपण उतरतं. वस्तीत ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर परीक्षेबद्दल मुख्याध्यापकांशी आधीच बोला. २०२४ ची परीक्षा १७ मार्चला होती, तेव्हा तोडणीचा हंगाम संपलेला नव्हता.

पुरुषांचा अनुभव मला कमी आहे, ते दुसऱ्या कोणी लिहावं.

आणि सही यायला लागली की तिच्यासोबत बँकेत जा. खातं अंगठ्यावर उघडलेलं असतं. नुसती स्लिपवर सही केली तर काउंटरवरून परत पाठवतात, आणि ती बाई पुन्हा अंगठ्याकडे वळते. आधी अर्ज देऊन सहीचा नमुना नोंदवून घ्या, पासबुक आणि आधार सोबत ठेवा.