जेल नेलपॉलिशनंतर बोटांना खाज सुटते, नखं सुटी होताहेत. काय करू?
आधी जेल लावणं पूर्ण थांबवा. ही बहुधा अ‍ॅक्रिलेटची, म्हणजे जेलमधल्या दिव्याखाली कडक होणाऱ्या रसायनांची अ‍ॅलर्जी आहे. त्यातही ‘हेमा’ या घटकाची जास्त आढळते. दिव्याखाली नीट न सुकलेलं जेल कातडीला लागत राहिलं की ती जडते. नखाच्या कडेला लाली, बारीक पुटकुळ्या, बोटांच्या टोकांना भेगा. कधी पुरळ थेट पापण्यांवर उठतं, कारण हात सारखा डोळ्यांकडे जातो.

उरलेलं जेल कृपा करून ओरबाडू नका, नखाचे पापुद्रे सोबत निघतात. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट (त्वचेवर रसायनांच्या पट्ट्या चिकटवून अ‍ॅलर्जी तपासणं) करा. ही अ‍ॅलर्जी सहसा आयुष्यभर राहते, आणि दातांच्या फिलिंगमध्येही याच जातीची रसायनं असतात, म्हणून दंतवैद्यांना आवर्जून सांगा. हाताचं नख पूर्ण नवं यायला साधारण ६ महिने लागतात.